विंचवाचें बिऱ्हाड

मराठी भाषेंत मुक्कामाला शब्द थोडे नाहींत. सैन्याचा तळ पडतो, दिंडी उतरते, धनगरांचा वाडा बसतो, तमाशाचा फड पालें ठोकतो आणि दौऱ्यावर निघालेल्या साहेबाची राहुटी लागते. पण ह्या सर्व मुक्कामांस कांहीं तरी कारण असतें. सैन्यास लढावयाचें असतें, धनगरास चारा हवा असतो, वारकऱ्यास पंढरी गांठावयाची असते. ज्या ठिकाणीं आपलें कांहींच काम नाहीं, जेथें वस्ती नाहीं, पाणी नाहीं, दिवा नाहीं, अशा ठिकाणीं मोटारींत संसार भरून मुद्दाम जावें, दोन रात्री उघड्यावर काढाव्या आणि परत यावें, ह्या प्रकारास आमच्या भाषेंत शब्द नाहीं. कारण असला उद्योग आमच्या वाडवडिलांपैकीं कोणास सुचला नाहीं. अगदींच जवळ जाणारा शब्द म्हणजे विंचवाचें बिऱ्हाड. आणि तोही आपण दुसऱ्याची कींव करण्यासाठींच वापरतों.

असें बिऱ्हाड पाठीवर घेण्याचा योग आम्हांस पन्नाशी उलटल्यावर आला. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बारा वर्षें कॅलिफोर्नियांत, लॉस एंजलिस शहराजवळ, राहतो. दिवाळीच्या सुटींत आम्ही उभयतां त्याजकडे गेलों असतां त्यानें आपण होऊन सुचविलें, ‘काका, शहरें तुम्हीं पुष्कळ पाहिलींत. काकूंना आणि तुम्हांला मी डेथ व्हॅलींत नेतों. हॉटेलांत नाहीं, उघड्यावर.’ सूनबाईंस रजा नव्हती आणि मुलगी लहान, म्हणून निघालों तें तिघेच. नांव ऐकून सौ.च्या कपाळास आंठ्या पडल्या होत्या. सणाच्या दिवसांत मृत्यूच्या दरींत जावयाचें, हें तिला प्रशस्त वाटेना.

तिच्या आंठ्यांत तथ्य होतें, मात्र वेगळ्या कारणानें. ह्या दरीला हें नांव दिलें तें वाट चुकलेल्या परक्यांनीं. १८४९ सालीं सोन्याच्या आशेनें पश्चिमेकडे निघालेले कांहीं तांडे जवळची वाट शोधतां शोधतां ह्या दरींत उतरले, अडकले, आणि सुटतांना तिला मृत्यूची दरी म्हणून गेले. पण त्यापूर्वीं कित्येक शतकें टिंबिशा शोशोनी नांवाचे लोक तेथें सुखानें नांदत होते. हिवाळा दरींत काढावा, उन्हाळा तापला कीं डोंगर चढून थंड्या हवेंत जावें, मेस्किटच्या शेंगा आणि पिन्यन पाइनच्या बिया गोळा कराव्या, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या भाषेंतील टिंबिशा ह्या शब्दाचा संबंध तेथील दगडांतून निघणाऱ्या तांबड्या रंगाशीं आहे. आपल्या घराला कोणी मृत्यूची दरी म्हणावें, हें त्या लोकांस आजही आवडत नाहीं. १९३३ सालीं सरकारनें तो प्रदेश राखीव केला आणि हे लोक आपल्याच भूमींत पाहुणे झाले. १९८३ सालीं त्यांच्या जमातीस सरकारी मान्यता मिळाली, आणि २००० सालच्या कायद्यानें त्यांच्या पूर्वजांच्या भूमीपैकीं कांहीं थोडी त्यांस परत मिळाली. परक्यानें दिलेलें नांव नकाशावर किती घट्ट बसतें, ह्याचा अनुभव आम्हां हिंदी लोकांस आहेच.

आतां स्थळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. डेथ व्हॅली हें १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचें क्षेत्र सुमारें साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सबंध सातारा जिल्ह्याहून मोठें. दरीचा तळ बॅडवॉटर येथें समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खालीं आहे. १९१३ च्या जुलैच्या १० तारखेस येथें ५६.७ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें, आणि हवेच्या उष्णतेचा उच्चांक म्हणून तीच नोंद मानली जाते. वर्षाचा पाऊस सरासरीनें दोन इंचांच्या आसपास. २०२३ च्या ऑगस्टमध्यें एका वादळानें तेवढा पाऊस एकाच दिवसांत ओतला; रस्ते वाहून गेले, उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलें, आणि हजारों वर्षांपूर्वीं आटलेल्या सरोवराच्या जागीं पुन्हा पाणी साचून लोकांनीं त्यांत होड्या चालविल्या.

ह्या उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कायद्यानें ‘अरण्य’ ठरविलेला आहे. आपल्या कल्पनेप्रमाणें अरण्य म्हटलें कीं झाडें आलीं. तेथें झाड औषधालाही नसलें तरी चालतें, माणसाचा हात लागलेला नसला म्हणजे झालें. त्या भागांत यंत्रवाहनास मज्जाव आहे. जुन्या खाणवाल्यांनीं पाडलेल्या कांहीं कच्च्या वाटा मात्र त्यांतून दोऱ्यासारख्या सोडलेल्या आहेत. मोटारीनें त्या दोऱ्यावरून जावें, ठरल्या जागीं थांबावें. दोऱ्याबाहेर जावयाचें तर पायीं. हा नियम आम्हांस फार पसंत पडला. माणसाला आंत येऊं द्यावें, पण त्याच्या चाकांना नव्हे.

तयारीस दोन दिवस लागले. पुतण्यानें प्रथम पाण्याचा हिशेब मांडला. माणशी दिवसास चार लिटर हें किमान; आम्ही तिघे, दिवस तीन, म्हणजे छत्तीस. त्यानें साठ लिटर घेतलें. ‘वरचें कोणासाठीं?’ असें विचारतां तो म्हणाला, ‘जो दिवस आपण धरलेला नाहीं त्याच्यासाठीं.’ त्याच्या जीपगाडीला जाड धावांचे टायर होते, शिवाय दोन जादा चाकें, हवा भरण्याचा लहान पंप, फावडें, कागदी नकाशा, आणि मोबाइल जेथें मुका होतो तेथें उपग्रहामार्फत निरोप धाडणारें एक यंत्र. सौ.नें आपल्या शास्त्राप्रमाणें दशम्या, मेतकूट, लिंबाचें लोणचें, पिठल्याचें पीठ आणि फराळाचा डबा घेतला. दशमी हें प्रवासासाठींच निर्माण झालेलें अन्न आहे, हें आम्हांस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत पटलें. त्याच रस्त्यावर आम्हीं अशा गाड्या पाहिल्या कीं ज्यांच्या टपावर तंबू, पोटांत शीतपेटी आणि मागच्या दारांत अख्खें स्वयंपाकघर उलगडतें. घर टाकून निघालेल्या माणसानें घरच बरोबर नेलें तर तो निघाला कोठून, हें आम्हांस कळेना. अर्थात् लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेल्यानें हें फार मोठ्यानें बोलूं नये.

नकाशा कागदाचा कां, ह्यालाही कारण आहे. १९९६ च्या जुलैंत चार जर्मन प्रवासी, दोन मोठीं माणसें आणि दोन मुलें, भाड्याची साधी गाडी घेऊन ह्या उद्यानाच्या दक्षिण भागांत शिरले. ऑक्टोबरांत ती गाडी एका ओसाड घळींत सांपडली. तिच्या चाकांपैकीं तीन बसलेलीं. माणसांचा पत्ता लागला नाहीं. तेरा वर्षांनीं, २००९ सालीं, तेथून कित्येक मैल दूर त्यांच्यांतील मोठ्यांच्या अस्थि मिळाल्या. त्यांच्या वेळीं कागदी नकाशेच होते. पण नकाशावर जी रेघ दिसते ती वाट असेलच असें नाहीं, हा धडा पुढील काळांत अधिकच लागू पडला. यंत्रानें दाखविलेल्या नसत्या वाटेवर जाऊन लोक मरूं लागले, तेव्हां ‘जी. पी. एस.नें मृत्यु’ असा शब्दप्रयोगच तेथील रक्षकांत रूढ झाला. पुतण्यानें हें सर्व सांगितलें तें आम्हांस भिवविण्यासाठीं नव्हे. आपण जेथें माणसें नेत आहों तेथील इतिहास त्यांच्या कानांवर घालणें त्याला कर्तव्य वाटत होतें. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, अगदीं असेच होते. गडावर नेण्यापूर्वीं तेथें कोण कोण पडला हें ते घरींच सांगत.

आम्हांस जावयाचें होतें तें रेसट्रॅक नांवाच्या सुकलेल्या सरोवराकडे. उबेहेबे नांवाच्या ज्वालामुखीच्या विवरापाशीं डांबरी सडक संपते, आणि तेथून सत्तावीस मैल कच्ची वाट. ही वाट पन्हाळी पत्र्यासारखी आहे. सावकाश जावें तर प्रत्येक लाट हाडांत मोजतां येते, वेगानें जावें तर चाकें भुईवर ठरत नाहींत. वाटेवरचे खडे चाकूच्या पात्यासारखे. पुतण्यानें आरंभींच चाकांतील हवा कांहींशी कमी केली. दोन्ही अंगांस जोशुआची झाडें उभीं होतीं. हातवारे करीत भांडणारे भाऊबंद जसे एकाएकी गोठावे तशीं.

पंधराव्या मैलाच्या सुमारास मागचें डावें चाक बसलें. टायरची बाजूच कापली गेली होती, तेव्हां ठिगळ लावण्याचा प्रश्न नव्हता. सूर्य डोंगराआड जाण्यास तास उरला असेल. पुतण्यानें चाक बदललें. आम्हीं नट सांभाळले. तें झाल्यावर तो उठला नाहीं, तसाच दगडावर बसून राहिला. आतां एकच जादा चाक उरलें होतें. परत पंधरा मैल, पुढें पंधराएक मैल. वडीलधारे म्हणून त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, ‘गाडी तुझी आणि वाट तुझ्या ओळखीची. तूं सांगशील तें.’ त्यानें बोटांवर मोजलें: पाणी पांच दिवसांचें, निरोपाचें यंत्र चालूं, ह्या दिवसांत वाटेवर रोज गाड्या. ‘जाऊं,’ तो म्हणाला, ‘पण आतां ताशी दहा मैलांनीं.’ आम्हांस त्या क्षणीं बरें वाटलें तें निर्णयामुळें नव्हे, तो ज्या रीतीनें घेतला गेला त्यामुळें.

पुढें टीकेटल जंक्शन म्हणून एक तिठा लागतो. तेथील पाटीवर येणाऱ्याजाणाऱ्यांनीं चहाच्या किटल्या टांगून ठेवल्या आहेत. कां, ह्याचें समाधानकारक उत्तर कोणाजवळ नाहीं. सरोवराच्या कांठीं मुक्कामास मनाई असल्यामुळें त्याच्या दक्षिणेस दोनएक मैलांवर जी कोरडी जागा नेमून दिली आहे तेथें आम्ही अंधार पडल्यावर पोहोंचलों. कोरडी म्हणजे शब्दशः. शेकोटी पेटविण्यास बंदी. जें आणलें तें सर्व, केरकचराच काय, ज्याचें नांव सभ्य मासिकांत घेत नाहींत तेंही, पिशवींत बांधून परत न्यावयाचें. आपल्या गडांवर आणि घाटांवर हा नियम एक वर्षभर जरी पाळला गेला तरी पुष्कळ काम होईल. सौ.नें पिठलें केलें, भांडीं वाळूनें घांसून कागदानें पुसलीं, आणि राखेनें भांडीं घांसणाऱ्या आपल्या आजीची आठवण काढली. नंतर ‘विंचवाचें बिऱ्हाड म्हणतां, आणि खरा विंचू आला तर?’ असें म्हणून ती गाडींतच निजावयास गेली.

ती रात्र आम्हीं बाहेर काढली. थंडी चांगलीच होती. ह्या उद्यानाच्या अंधाराला २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. अंधाराला प्रशस्तिपत्र मिळावें अशी वेळ आली खरी. आकाशाचें वर्णन आम्ही करीत नाहीं. शांततेविषयीं मात्र एवढेंच, कीं प्रथम कानांत एक बारीक आवाज येऊं लागला, आणि तो आपल्याच रक्ताचा आहे हें समजण्यास वेळ लागला.

अशा रात्रीं पुतण्यानें आम्हांस विल्यम मॅन्ली व जॉन रॉजर्स ह्या दोन तरुणांची हकीकत सांगितली. १८४९ च्या त्या फसलेल्या तांड्यांतील कांहीं कुटुंबें मुलाबाळांसह दरींत थांबलीं, आणि हे दोघे मदत आणावयास पायीं निघाले. डोंगर ओलांडीत ते लॉस एंजलिसच्या बाजूच्या वस्तीपर्यंत पोहोंचले. तेथें अन्न होतें, पाणी होतें, ते वांचले होते. तरी ते शिधा घेऊन माघारीं फिरले, आणि निघाल्यापासून सुमारें चार आठवड्यांनीं त्या कुटुंबांपाशीं येऊन त्यांस बाहेर काढते झाले. ‘काका, ते परत आले,’ एवढें बोलून तो थांबला. आम्हांस वाटलें, पुढें कांहीं आहे. पण तो पांघरूण ओढून स्वस्थ पडला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सरोवराच्या पात्रांत पायीं उतरलों. सुमारें साडेचार किलोमीटर लांब, दोन रुंद, अशी ती भूमि सारवलेल्या अंगणासारखी सपाट आहे; चिखल वाळून तिला लहान लहान षट्कोनी भेगा पडल्या आहेत. आणि तीवर दगड आहेत. प्रत्येक दगडामागें, तो कोणी ओढीत नेला असावा, तशी त्याची वाट उमटलेली. कांहीं सरळ, कांहीं वळणाच्या, कांहीं मध्येंच मागें फिरलेल्या. दगड चालतात हें १९४८ पासून शास्त्रज्ञ लिहीत आले. १९७२ सालीं रॉबर्ट शार्प आणि ड्वाइट केरी ह्यांनीं तीस दगडांस नांवें देऊन त्यांची चाल मोजण्यास आरंभ केला. पण चालतांना कोणी पाहिले नव्हते. रिचर्ड व जेम्स नॉरिस ह्या चुलतभावांनीं बाहेरून आणलेल्या दगडांवर यंत्रें बसवून येथें ठेवलीं, आणि २०१३ च्या डिसेंबरच्या २० तारखेस तो प्रकार डोळ्यांनीं पाहिला. हिवाळ्यांत पात्रावर चार बोटें पाणी सांचतें. रात्रीं त्यावर कांचेसारखा पातळ बर्फ धरतो. उन्हानें तो फुटतो, आणि मंद वाऱ्यानें सरकणारे त्याचे मोठाले तुकडे दगडांस ढकलीत नेतात. वेग इतका कमी, कीं जवळ उभें राहूनही दगड हलतो आहे हें नजरेस येऊं नये. हा शोध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. कोडें उलगडल्यानें मौज गेली असें कित्येक म्हणतात. आम्हांस तसें वाटलें नाहीं. वादळानें दगड पळतात ह्यापेक्षां पातळ बर्फ आणि झुळूक ह्यांनीं ते सरकतात, हेंच अधिक नवलाचें आहे.

एका दगडापाशीं पुतण्या बसला होता. लहानसा, काळसर. त्यामागें वीसएक हात लांब वाट. आम्ही जवळ जातांच त्यानें वर न पाहतां विचारलें, ‘काका, बाबांचा जीवखडा केवढा होता?’

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. आमचे बंधु २०२१ च्या मे महिन्यांत सातारला हृदयविकारानें गेले. तो कोरोनाचा दुसरा फेरा. हिंदुस्थानांतून येणाऱ्या परकीयांस अमेरिकेनें ४ मेपासून बंदी केलेली. पुतण्या आला असता तर परत केव्हां जातां येईल ह्याचा भरंवसा नव्हता, आणि घरीं मुलगी एक महिन्याची. त्यानें यावें असें कोणी म्हटलें नाहीं. येऊं नये असेंही कोणी म्हटलें नाहीं. अग्नि आम्हीं दिला. त्यानें मोबाइलच्या पडद्यावर पाहिलें. दहाव्या दिवशीं संगम माहुलीला नदीच्या कांठीं तो पडदाही विझला, आणि पुढचें त्यास दिसलें नाहीं. पुढील वर्षीं तो आला. आईजवळ राहिला, फोटोस हार घातला, पण ह्या विषयावर घरांत शब्द निघाला नाहीं.

‘लिंबाएवढा,’ आम्हीं सांगितलें. ‘स्मशानांतच उचललेला.’

‘दहा दिवस कोठें होता?’

‘परसांत, भिंतीच्या कोनाड्यांत.’

‘आणि कावळा?’

आम्ही कावळ्यावर भरंवसा ठेवणाऱ्यांपैकीं नव्हे. पण घडलें तें सांगणें भाग होतें. ‘दीड तास शिवला नाहीं. वहिनींचें नांव घेतलें, घराचें सांगितलें, पुस्तकांचें सांगितलें. मग मीं म्हटलें, दादा, मुलगा सुखरूप आहे, तो तेथेंच राहिला तें योग्य केलें, त्याची काळजी करूं नका. तेव्हां शिवला. त्यानंतर खडा कृष्णेंत सोडला.’

तो कांहीं बोलला नाहीं. त्या दगडाच्या वाटेच्या कडेकडेनें, तिच्यावर पाय न पडूं देतां, तो जेथें ती सुरू होते तेथपर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उकिडवा बसला. सौ. त्याच्याकडे जाऊं लागली, तिला आम्हीं थांबविलें. हे दगड लोक चोरून नेतात, आणि मागें नुसती वाट उरते. अशाही कांहीं वाटा आम्हांस तेथें दिसल्या. अर्ध्या तासानें तो आला. ‘चला, ऊन वाढेल,’ म्हणाला.

तो दिवस आणि दुसरी रात्र ह्यांविषयीं लिहिण्यासारखें थोडें आहे. सावली पाहून बसलों, डबा संपविला, पत्ते खेळलों, सौ. दोनदा जिंकली. रात्रीं ती गाडीबाहेर निजली.

तिसऱ्या दिवशीं निघतांना मोजलें तेव्हां एकवीस लिटर पाणी शिल्लक होतें. तें ओतून द्यावें म्हणजे गाडी हलकी होईल, असें आम्हीं सुचविलें. काकू-पुतण्यांनीं आमच्याकडे असें पाहिलें कीं आम्ही पुन्हा बोललों नाहीं. किटल्यांच्या तिठ्यावर एक तरुण जोडपें सायकलींवरून येतांना भेटलें. त्यांच्या बाटल्या सौ.नें स्वतः भरल्या आणि उरलेल्या दोन दशम्याही दिल्या. हें काय आहे, असें त्यांनीं विचारलें. ‘ब्रेड,’ ती म्हणाली, आणि गाडींत बसल्यावर ह्या भाषांतराबद्दल आमच्यापाशीं खेद प्रकट केला.

उरलेल्या चाकानें दगा दिला नाहीं. दिवस मावळण्याच्या सुमारास वस्तीजवळ पेट्रोलच्या पंपापाशीं आलों आणि पुतण्याचा मोबाइल तीन दिवसांनीं जागा झाला. सूनबाईंशीं दोन शब्द बोलून झाल्यावर त्यानें सातारचा नंबर लावला. तिकडे पहांट होती. अवेळीं फोन आला म्हणून वहिनी दचकल्या असाव्या, कारण त्याचें पहिलें वाक्य ‘कांहीं नाहीं ग आई, सहज’ असें होतें. दुसरें होतें, ‘कावळ्याचें मला कां सांगितलें नाहींस?’ पुढचें आम्हीं ऐकलें नाहीं. हवा कमी केलेल्या चारी चाकांत ती पुन्हा भरावयाची होती, आणि तें काम त्यानें आमच्यावर सोंपविलें होतें.